आपलं माणूस जवळ नको

२ सप्टेंबर

पोचले एकदाची! दोन बॅगा, एक टेबलफॅन, भांड्यांनी भरलेला खोका आणि मी. टॅक्सीवाल्याने सगळं फाटकातच उतरवलं, आणि जिना आहे म्हटल्यावर त्याची कंबर अचानक दुखायला लागली. मग काय, मीच हमाल. चढून उतरून जीव मेटाकुटीला आला, पण सामान वर आलं.

क्वार्टर मस्त आहे. खोटं कशाला बोलू, इतकं चांगलं मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन खोल्या, खिडकीला लागून ओटा, मोरीत ऊन येतं. नळ गळतो, पण तो कुठे गळत नाही? खिडकीतून समोर संस्थेची मागची भिंत दिसते, तिच्यावर एसीच्या पेट्या, आणि मध्ये एक झाड, त्याच्याखाली सायकली लावतात. आतली छोटी खोली ठमीची. तिथून वसाहतीचं मैदान दिसतं. घसरगुंडी आहे, झोका आहे, झोक्याची एक साखळी तुटलेली आहे. सांगून नीट करून घेईन.

ठमी म्हणजे माझी लेक. वय वर्षं आठ, हट्ट ऐंशीचे. कागदोपत्री नाव वेगळं आहे, पण ते फक्त शाळेत हजेरीला वापरतात. तिचे बाबा त्यांच्या नव्या संसारात सुखी आहेत, तो विषय मी मिटवून टाकलाय. पण माझी फिरती पाळी आणि तिची शाळा ह्यांचा मेळ बसेना, म्हणून गेलं वर्षभर ती माझ्या दादाकडे राहिली. दादा-वहिनीने काही कमी केलं नाही. तरी दर रविवारी मी निघाले की ती जिन्यात उभी राहायची आणि माझ्याकडे न बघता हात हलवायची. म्हणून ही नोकरी धरली. दिवसाची पाळी, क्वार्टर, कोपऱ्यावर शाळा. दोन आठवड्यांत ती इथे येईल. आम्ही दोघी एका छपराखाली, बास, दुसरं काही मागणं नाही.

४ सप्टेंबर

प्रयोगशाळेत माझ्यासकट आम्ही चारच माणसं. सगळ्यांच्या वरती बाई. साठीच्या, केस बारीक कापलेले, चपला न वाजवता चालतात, आणि लहानमोठ्या सगळ्यांना ‘बाळा’ म्हणतात. पेशी वाढवण्याच्या खोलीत एक आडदांड गृहस्थ आहेत, त्यांचं नाव मी मनातल्या मनात हळूराव ठेवलंय. पिपेटने एक थेंब सोडतील, मग त्या थेंबाकडे बघत बसतील. घाई म्हणून ह्या माणसाला माहीत नाही. तिसरी आकडेवाली. ती दिवसभर पडद्यासमोर बसून आमच्या नमुन्यांचे आलेख काढते, आणि विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही.

तिघंही फार शांत आहेत. कुणी कुणावर चिडत नाही. माझ्या आधीच्या ठिकाणी फ्रीझरचं दार उघडं राहिलं म्हणून लोक आठवडाभर अबोला धरायचे. इथे हळूरावांच्या हातून आज नमुन्यांची अख्खी प्लेट पडली आणि बाई म्हणाल्या, असू दे बाळा. अगं बाई, मी कुठे आलेय असं झालं मला!

काम माझ्या हातचं आहे. रक्तातल्या बी पेशी वेगळ्या काढायच्या. ह्या म्हणजे शरीराच्या पहारेकरी. एरवी गोल, छोट्या, झोपाळू. त्यांना डिवचलं की काही तासांत आतली जनुकं धडाधड चालू-बंद व्हायला लागतात. कोणती जागी झाली, कोणती गप्प बसली, ते मोजायचं, हेच आमचं दुकान. गंमत म्हणजे डिवचल्यावर जी गप्प बसतात, त्यात तिची ‘मी बी पेशी आहे’ ही ओळख सांभाळणारी जनुकं असतात. पेशी आपण कोण होतो ते विसरते, फुगते, आणि पुढे एकच काम करते: शत्रूला जाऊन चिकटणारी प्रतिपिंडं बनवत सुटायचं. मला हे लहानपणी वाचलेल्या परीकथेपेक्षा जास्त आवडतं.

हळूरावांच्या टेबलावर एका बाईचा फोटो आहे, मोठ्याने हसतानाचा. कोण म्हणून विचारलं, तर ते म्हणाले की टेबलाबरोबरच आला असावा. मी म्हटलं, वा, टेबलं बरी मिळतात तुमच्याकडे. ते हसले नाहीत.

६ सप्टेंबर

इथली एक रीत ऐकून मला हसूच आलं. नवा माणूस आला की पहिला नमुना त्याचाच. बाहेरच्यांचं रक्त मागवत बसत नाहीत. दंडात एक सुई द्यायची. तिच्यात बाईंनी बनवलेलं एक प्रथिन असतं. ते कुठल्याच जिवात सापडत नाही, त्यामुळे त्याने बाधा काही होत नाही. आणि जोडीला पेशींना गदागदा हलवून उठवणारं एक औषध, त्याला सगळे भोंगा म्हणतात. भोंगा आठवडाभर वाजत राहतो, आणि पेशी उठून बघतात, आत्ता इथे नवीन कोण दिसतंय? जो दिसेल तो शत्रू. त्याची खूण त्या कायमची लक्षात ठेवतात. मग दर दोन-तीन दिवसांनी रक्त काढायचं आणि जनुकांचा आलेख कसा चढतो, कसा उतरतो ते बघायचं. सगळ्यांनी हे केलंय. मीही हो म्हटलं. स्वतःच्या पेशी स्वतःच बघायच्या, कुणाला आवडणार नाही?

सुई दिल्यापासून आठवडाभर संस्थेतच वरच्या मजल्यावरच्या खोलीत राहायचं. आणि आपलं माणूस जवळ येऊ द्यायचं नाही. परकं आलं तर चालेल, आपलं नको, हे हळूरावांनी मला दोनदा सांगितलं. मी विचारलं, हे काय नवीन? बाई म्हणाल्या की घरच्यांकडून, त्यातून मुलांकडून, सर्दी-खोकला येतो आणि आलेख नासतो. हे पटण्यासारखं होतं. उद्या सुई.

१० सप्टेंबर

खोली बरी आहे. पलंग, टेबल, पांढरा पडदा. दंड थोडा सुजला, कणकण आली, गेली. आकडेवाली दोन वेळचं जेवण आणून ठेवते आणि न बोलता जाते. एकदा मी तिला थांबवून म्हटलं, घरी कोण कोण असतं तुझ्या? ती बराच वेळ आठवत राहिली. मग म्हणाली, कुणी असेल असं वाटत नाही. विचित्रच उत्तर. मी विषय बदलला.

ठमीशी फोनवर बोलणं होतं. तिने तिच्या खोलीला कोणता रंग द्यायचा ते ठरवलंय. एक भिंत हिरवी, एक जांभळी, आणि छत काळं, चांदण्यांसाठी. कप्पाळ माझं! वसाहतीचा मुकादम मला फाडून खाईल.

१२ सप्टेंबर

आज घोळ झाला. वहिनीची आई घसरून पडली, तिला दवाखान्यात हलवलं. दादा-वहिनीला तातडीने निघावं लागलं, म्हणून दादा ठमीला घेऊन दुपारी थेट इथे आला. खाली मागच्या दाराशी उभा. ठमीला ताप. डोळे लाल, नाक वाहतंय, बॅग पोटाशी धरलेली. मी त्याला म्हटलं, अरे, मला अजून दोन-तीन दिवस कुणाला भेटायचं नाहीये. तो म्हणाला, अगं, मग हिला कुठे ठेवू?

काय करणार होते मी? तापलेल्या पोरीला ‘आठवडा संपला की ये’ असं सांगू? दादा गेला आणि मी तिला मागच्या जिन्याने वर आणली. ती माझ्या कुशीत शिरली, नाक माझ्या मानेत खुपसलं आणि झोपली. संध्याकाळपर्यंत हलली नाही. माझ्या मानेवर तिचा घाम, तिचा शेंबूड, सगळं. वर्षभरात ती अशी झोपली नव्हती. मला तर हात सुन्न झाला तरी काढवेना.

मग क्वार्टरमध्ये नेऊन निजवलं आणि शेजारच्या नर्सबाईंना तिच्याजवळ बसवलं. परत वर आले. कुणाला कळलेलं नाही. फार तर आलेखात सर्दीचा एक उंचवटा दिसेल, तेवढा मी पचवीन.

१७ सप्टेंबर

सुटले, तीन दिवस झाले! रक्त दिलं, आलेख बघितला, देखणा चढलाय. सर्दीचा उंचवटा वगैरे काही नाही. जीव भांड्यात पडला. बाईंनी पाठीवर थाप मारली.

ठमी आता इथेच. ताप गेला, शाळा सुरू झाली. सकाळी आम्ही दोघी एकाच आरशात वेण्या घालतो आणि भांडतो. भिंतींचा तह झाला: एकच भिंत हिरवी, छत पांढरंच. तिने कागदाच्या चांदण्या कापल्यात, त्या चिकटवताना मी स्टुलावरून पडता पडता राहिले. दोघी इतक्या हसलो की खालच्यांनी काठीने छत ठोकलं.

२५ सप्टेंबर

मानेवर पुरळ उठलंय. लाल, खाजरं, पित्ताच्या गांधी उठल्यासारखं. आधी वाटलं साबण बदलला म्हणून असेल. जुना आणला. तळहातावरही येतं, पण फक्त उजव्या. दिवसभर प्रयोगशाळेत असते तेव्हा बरं असतं, घरी गेले की सुरू. रंगाचा वास असेल.

ठमी म्हणते, आई, तू खाजवतेस तेव्हा माकडासारखी दिसतेस. शाळेत जाताना ती माझा उजवा हात धरते.

हे वाक्य लिहून झाल्यावर मी जरा वेळ त्याच्याकडे बघत बसले.

३० सप्टेंबर

ठमी शाळेच्या सहलीला गेली होती, परवा आली. ती नव्हती तेवढे दिवस अंगावर एक डाग नाही. ती आली, गळ्यात पडली, आणि अर्ध्या तासात घसा असा आवळला की मी खिडकीत जाऊन श्वास घेतला. तिला म्हटलं, ठसका लागला गं.

रक्त देतेच आहे. आज आकडेवालीने मला पडद्यापाशी बोलावलं. माझा आलेख आतापर्यंत उतरून सपाट व्हायला हवा. तो सपाट झालेला नाही. मध्ये काही दिवस खाली आलाय, सहलीच्या दिवसांत, आणि आता परत वर. तिने त्या खड्ड्यावर बोट ठेवून विचारलं की ह्या दिवसांत घरी कोण नव्हतं. आवाजात काही नाही. जेवलीस का विचारावं तसं.

मी म्हटलं, बघते.

३ ऑक्टोबर

करायला नको होतं, पण केलं. ठमीच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून घेतली. खेळ म्हणून सांगितलं, तिने जीभ काढून दाखवली. तशीच एक काडी माझ्या गालाची, एक हळूरावांची, एक नर्सबाईंची. माझ्या रक्तातल्या पेशी वेगवेगळ्या वाटग्यांत घालून प्रत्येकीत एकेक काडी धुतली. कुठल्या वाटगीत काय आहे ते आकडेवालीला सांगितलं नाही.

आज उत्तर आलं. माझ्या काडीला पेशींनी ढुंकूनही बघितलं नाही. हळूराव, नर्सबाई, त्यांच्याही वाटग्या शांत. एका वाटगीत मात्र पेशी फुगून, गुच्छ करून बसलेल्या. सगळी जनुकं पेटलेली. स्वतःची ओळख सांभाळणारी सगळी गप्प.

भोंगा वाजत होता आणि माझ्या मानेत नाक खुपसून ती झोपली होती. पेशींनी बघितलं, नवीन कोण दिसतंय.

माझ्या अंगाने माझ्या पोरीला शत्रू म्हणून ओळखलंय. मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले, तिला ऐकू जाऊ नये म्हणून.

४ ऑक्टोबर

बाईंकडे गेले. सगळं सांगितलं, मागच्या जिन्यासकट. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी मला पाणी दिलं. म्हणाल्या, बाळा, तो नियम आजवर कुणी पाळलेला नाही. प्रत्येकाला कुणी ना कुणी तरी भेटायला येतंच, आणि परकं बिलगत नाही तसं बिलगतं.

हळूरावांना त्यांची बायको भेटायला आली होती. फोटोतली. आकडेवालीला तिची आई. बाईंना कोण, ते बाईंना आता सांगता येत नाही. कुणीतरी होतं एवढं त्यांच्या टिपणांत आहे.

मी औषध मागितलं. बी पेशी मारणारं औषध असतं, मला माहीत आहे, मी ते हाताळलंय. त्या म्हणाल्या की त्याने झोपाळू पेशी मरतील. ज्या एकदा कारखाना झाल्या, त्या आता तुझ्या हाडांच्या पोकळीत जाऊन बसल्या आहेत. त्यांच्यावर ते औषध चालत नाही. त्या जन्मभर राहतात. हे मला शिकवायची गरज नव्हती. मीच वर्षानुवर्षं नव्या मुलांना हे सांगत आले.

मग हे थांबवत का नाही, सुई देताच कशाला, असं मी किंचाळून विचारलं. बाई म्हणाल्या, कारण आपलं माणूस परकं कसं होतं, हे दुसऱ्या कुठेच इतकं स्वच्छ बघायला मिळत नाही. आणि पुढे म्हणाल्या, घाबरू नको. खाज लवकर जाते. ती प्रतिपिंडं आधी कातडीवर भांडतात, मग आत शिरतात. डोक्यात जिथे जिथे ते माणूस साठवलेलं असतं तिथे जाऊन चिकटतात आणि साफ करतात. नंतर दुखत नाही. हळूरावांकडे बघ, किती शांत आहेत.

अंगाचा नुसता भडका उडाला. मी ग्लास फेकून मारला. त्यांनी काचा गोळा केल्या आणि म्हणाल्या, असू दे बाळा.

५ ऑक्टोबर

ठमीला खरं सांगितलं. म्हटलं, आईला एक सुई दिली, त्यामुळे आईच्या अंगाला तुझी बाधा होते. तुझी चूक नाही, आईचीही नाही. तिने विचारलं, मी हातमोजे घालू का? मग मी बाहेर जाऊन आले. परत आले तर तिने हातमोजे घातले होते, आणि तोंडावर रुमाल.

दादाला बोलावून घेतलं. जाताना ती जिन्यात उभी राहिली नाही, धावत खाली गेली. जवळ आहे तोवर माझं शरीर तिला शत्रू म्हणून घोकत राहणार. लांब राहिली तर कदाचित पेशी थंडावतील, निदान आत शिरणार नाहीत. असं मी धरून चाललेय. कशाच्या आधारावर, विचारू नये.

११ ऑक्टोबर

पुरळ गेलं. घसा मोकळा. आरशात मान बघितली, स्वच्छ. आनंद व्हायला हवा होता.

रोज फोन येतो. तिने आज शाळेतली काहीतरी मोठी गोष्ट सांगितली. मी हो, हो म्हणत होते. मध्येच लक्षात आलं की मी खिडकीतून सायकली बघतेय. कुणाचा तरी रेडिओ शेजारी चालू असावा, तसं ते बोलणं चाललं होतं.

१६ ऑक्टोबर

तिच्या उशीचा अभ्रा धुवायचा नाही असं ठरवलं होतं, वासासाठी. आज नाकाशी धरला. सुती कापड. बाकी काही नाही.

धुवून टाकला.

मग बराच वेळ वाट बघितली, रडू येईल म्हणून. आलं नाही. चहा केला.

२१ ऑक्टोबर

दादा फोनवर ओरडला. पोरगी जेवत नाही, तुला काही वाटतं की नाही? मी प्रामाणिकपणे शोधलं. बोट सुन्न झालं की आपण ते चावून बघतो, तसं. त्याला म्हटलं, थांब, बघते. तो म्हणाला, काय बघतेस? आणि फोन ठेवला.

प्रयोगशाळेत आता बरं वाटतं. हळूराव आणि मी तासनतास न बोलता काम करतो. आज माझ्या हातून प्लेट पडली. असू दे म्हणाले.

२८ ऑक्टोबर

तिचा चेहरा आणायचा प्रयत्न केला. केस येतात. वेणी. वेणीखाली कुणी नाही.

भीती वाटली पाहिजे. लिहून ठेवते की भीती वाटली पाहिजे.

२ नोव्हेंबर

धरून ठेवण्यासाठी लिहिते. ठमी. माझी लेक. आठ वर्षं. डाव्या कानामागे एक —

डाव्या की उजव्या —

तिला आवडतं ते —

उद्या दादाला विचारून पूर्ण करीन.

६ नोव्हेंबर

दादाला काय विचारायचं होतं ते आठवेना. फोन केला नाही. आतल्या खोलीची एक भिंत हिरवी का आहे कळत नाही. छताला कागद चिकटवलेत. मुकादम ओरडेल म्हणून काढून टाकले.

आलेख सपाट झालाय. आकडेवालीने दाखवला. छान आहे.

९ नोव्हेंबर

नव्या माणसांना समजावून सांगण्याचं काम बाईंनी आता माझ्याकडे दिलंय. मी चांगलं समजावते म्हणाल्या. नमुने कमी आहेत. लहान मुलाचा तर एकही नाही, त्याची त्यांना खंत आहे. मी म्हटलं, बघू.

वहीची मागची पानं चाळली. कुणा ठमीबद्दल भरभरून लिहिलंय. अक्षर माझं. जरा अतीच वाटलं, पुढे वाचलं नाही.

१३ नोव्हेंबर

भर दुपारी दादा आला, न कळवता, सरळ प्रयोगशाळेतच. बरोबर एक मुलगी. दादाला मुलगी कधी झाली? विचारलं, तर त्याचे डोळे भरून आले. आता बाईंच्या खोलीत आहे. त्याचं ओरडणं भिंतीतून ऐकू येतंय. बाईंचं ऐकू येत नाही.

मुलगी माझ्याजवळ ठेवलीय. गोड आहे, जरा रोडावलेली. मला सारखी आई म्हणते. मुलं म्हणतात कुणालाही.

तिने विचारलं की तुला दुखत नाही का आता? म्हटलं, नाही गं, काहीच नाही. तिने विचारलं की ते त्या सुईमुळे थांबलं का? म्हटलं, हो, सुईमुळेच. खरं तेच सांगितलं. मग म्हणाली की मलाही दे.

समजूतदार मूल आहे. कुणी इतकं आपणहून मागत नाही. हळूराव आत तयारी करताहेत. पालकाची सही लागते, कुणाची घेऊ विचारलं, तर तिने माझ्याकडे बोट दाखवलं. बरं बाई. केली.

सुई दिल्यावर मी शेजारी बसून राहीन का, म्हणाली. खूप वेळ. नियमाचा विचार केला. आपलं माणूस जवळ नको, परकं चालतं. मी तिची कुणी लागत नाही, त्यामुळे काही अडचण नाही. बसेन म्हटलं.

लगेच मांडीवर चढली. नाक माझ्या मानेत — लिहायला हात मोकळा राहत नाही — हलू नको म्हटलं, तर आणखीच घट्ट — हळूराव आले. बाही वर करायला सांगताहेत, तिने आधीच —